निम्म्या चांदीचे रुपयेही जपावेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चांदीचा भाव चढला की मराठवाड्यातील सराफ्यांत जुने रुपये मोडीला येतात आणि राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे), राजाछाप (नंतरच्या राजांचे), चारमिनारी (हैदराबादच्या निजामाचे हाली) असे सगळे एकाच ताजव्यात पडतात.

ब्रिटिश अमदानीतील रुपया, म्हणजे आपल्याकडचा कलदार, बरोबर एक तोळ्याचा (११.६६ ग्रॅम) असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. दुसरे महायुद्ध सुरू होताच लोक हे रुपये दडवू लागले, तेव्हा सरकारने १९४० पासून वजन आणि राजाचा मुखवटा तसाच ठेवून चांदी निम्म्यावर आणली. पुढे युद्धखर्चासाठी नोटा वाढत गेल्या, महागाई भडकली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. निजामाचा हाली रुपया आधीच थोडा हलका. सात हालींना सहा कलदार असा त्याचा दर होता. त्यातली सुमारे ८२ टक्के चांदीही युद्धकाळात ५० टक्क्यांवर आली. (चलनाचा असा खेळ आपल्या भागाला नवा नाही, दौलताबादला राजधानी नेणाऱ्या महंमद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या किमतीला तांब्यापितळेची नाणी चालवून पाहिलीच होती.)

त्या काळी शहाण्या माणसाने भरचांदीचा रुपया गाडग्यात ठेवला आणि निम्म्या चांदीचा बाजारात चालवला. आजचे संग्राहकही राणीछापच शोधतात, त्यामुळे १९४० नंतरचे रुपये फारसा विचार न करता आटवले जातात. मला हे चुकीचे वाटते. १९१८ चा आणि १९४४ चा रुपया शेजारी ठेवल्यास ताजव्याला फरक कळत नाही, मात्र एकात दहा ग्रॅमहून अधिक चांदी आहे आणि दुसऱ्यात सहा ग्रॅमहूनही कमी. महायुद्धाने चलनाचे काय केले याचा इतका ढळढळीत पुरावा ज्या नाण्यात आहे, ते संग्रहातून वगळण्याचे कारण दिसत नाही.

कलदारावरील साल कोणालाही वाचता येते. हालीवर मात्र हिजरी साल फारसी आकड्यांत असते आणि तिथेच घरच्या मंडळींची अडचण होते. आपल्या दैनिकाने दिवाळीपूर्वी हे आकडे ओळखण्याचा सचित्र तक्ता छापावा, तसेच सराफ बंधूंनी मोडीला आलेल्या नाण्यांतून प्रत्येक सालाचे एखादे तरी नाणे बाजूला काढून संग्राहकांना अथवा संग्रहालयांना दाखवावे, अशी विनंती आहे. शेतात किंवा वाड्याच्या पायात सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार त्यांची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

आपला,
एक नाणेसंग्राहक, अंबाजोगाई (जि. बीड)