आत्मविश्वास आधी की पाण्यात उतरणं आधी?

माननीय संपादक,

तुमच्या पुरवणीत अधूनमधून 'स्वतःवर प्रेम करा', 'स्वतःची किंमत ओळखा' छाप लेख येतात, मी ते वाचतो, आवडीने वाचतो खरंतर, पण वाचून झालं की दर वेळी एकच गोष्ट खटकते. सगळा कारभार डोक्यातल्या डोक्यात. सकाळी आरशात बघून म्हणा मी भारी आहे, वहीत स्वतःचे चांगले गुण लिहून काढा, निगेटिव्ह लोकांना चार हात लांब ठेवा. बरं, ठेवलं लांब, पुढे करायचं काय?

मी मोठ्या माणसांना पोहायला शिकवतो. लहान मुलांचा फार प्रश्न नसतो, ती उडी मारून मोकळी होतात, मोठी माणसं मात्र येतानाच निकाल लावून येतात. 'सर माझं अंगच जड आहे', 'माझ्याच्याने नाही व्हायचं', 'आता या वयात कुठे'. यातले कितीतरी जण ऑफिसात चार लोकांना कामाला लावणारे असतात, पण इथे काठावरचा दांडा काही हातातून सुटत नाही, बोटं पांढरी पडेपर्यंत धरलेला असतो. अशा माणसाला मी काठावर उभं राहून कितीही ओरडून सांगितलं की तुम्ही ग्रेट आहात, तुम्हाला जमणारच, तरी काडीचा फरक पडत नाही, उलट तो वैतागतो, कारण त्याला पक्कं माहीत असतं की हा मला बरं वाटावं म्हणून बोलतोय.

आणि पाण्यात पडलं की आपोआप पोहता येतं म्हणतात ना, तेही खोटं. ढकलून दिलं की नाकातोंडात पाणी जातं, माणूस घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही. सुरुवात फार किरकोळ असते, कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे, बस. ते सवयीचं झालं की मग श्वास भरून घ्यायचा, डोकं खाली, गुडघे छातीशी घट्ट धरायचे. त्याला वाटतं आता गेलो तळाला, आणि थोडंसं खाली जाऊन बहुतेकांचं अंग आपसूक वर येतं, पाठ पाण्याबाहेर दिसायला लागते. मग तो धडपडत उभा राहतो, डोळे चोळतो, खोकतो, आणि विचारतो, 'परत करून बघू का?' पाणी वर उचलतं हे मी त्याला आधी सांगितलेलंच असतं हो, पण ऐकलेलं वेगळं आणि स्वतःच्या अंगाला कळलेलं वेगळं.

याच्यावर मानसशास्त्रात रीतसर काम झालेलं आहे. अल्बर्ट बंडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1977 मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' हा भरवसा चार ठिकाणांहून येतो, स्वतः करून बघणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघणं, कोणीतरी धीर देणं आणि त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, घाम वगैरे, आणि या चारांत सगळ्यात दमदार पहिलं. सापाला घाबरणाऱ्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले होते, आधी दुसऱ्याला साप हाताळताना बघायचं, मग हातमोजे घालून स्पर्श, मग मोकळ्या हाताने, असं पायरीपायरीने. नुसतं बघणाऱ्यांपेक्षा हात लावणाऱ्यांची भीती जास्त गेली. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, आपण रोज पाण्यात हेच तर करतो.

आरशाचं म्हणाल तर 2009 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तेही तपासून पाहिलंय. लोकांना स्वतःबद्दल चांगलं वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला लावलं, तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच कमी होतं त्यांना ते म्हणून अजूनच वाईट वाटलं. म्हणजे ज्याला औषधाची गरज त्यालाच ते बाधलं. कॅलिफोर्नियात तर 1986 मध्ये सरकारनेच आत्मसन्मान वाढवण्यासाठी खास समिती नेमली होती, तो वाढला की गुन्हे, व्यसनं, शाळेतलं अपयश सगळं कमी होईल या आशेवर. नंतर 2003 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचा बराच अभ्यास एकत्र करून पाहिला तर दिसलं की नुसता आत्मसन्मान फुगवून मुलांचे मार्क काही वाढत नाहीत, चांगला अभ्यास झाल्यामुळे थोडा आत्मसन्मान वाढतो हे मात्र असू शकतं. गाडी उलटी जोडली होती.

आता कोणी म्हणेल, मग जो काही करू शकत नाही, आजारी आहे, थकलाय, त्याची किंमत शून्य का? अजिबात नाही, आणि इथेच मला 'रोज जिंका' वाल्या मोटिव्हेशनल मंडळींचाही तेवढाच राग येतो. माणसाची किंमत काही करून कमवायची नसते, ती असतेच, पण वर्षानुवर्षं 'मी कुचकामी' असं मनात बसलेल्याला ती कळायची तर समोर काहीतरी पुरावा लागतो, आणि तो छोट्या कामातून लवकर मिळतो. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्येच लिहून ठेवलंय की स्वतःबद्दलचं समाधान म्हणजे यश भागिले अपेक्षा, म्हणजे यश तेवढंच असलं तरी अपेक्षा फुगली की समाधान घटतं. म्हणून माझ्याकडे पहिल्या आठवड्यात शेजारच्या लेनमधल्या पोराकडे बघायला बंदी असते, कारण तो सपासप हात मारत जातो आणि इकडे आमचा माणूस बुडबुडे सोडण्यात कमीपणा मानायला लागतो. ज्याची सगळी भिस्त दुसऱ्याच्या पुढे जाण्यावर, तो एक दिवस मागे पडला की कोसळतो, हे मी बघितलंय.

आणखी एक, ज्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही त्याला कृपया माझं हे पत्र वाचून दाखवू नका, डॉक्टरकडे न्या. नैराश्यावरच्या उपचारांतही छोट्या छोट्या कामांचं वेळापत्रक लावून, मूड यायची वाट न बघता सुरुवात करायची अशी एक पद्धत आहे, पण ती जाणकार माणसाच्या मदतीने.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा त्याच्या खाली एक चौकट ठेवा, वाचकांनी या आठवड्यात जे कधीच केलं नव्हतं असं कुठलं बारीकसं काम करून पाहिलं ते दोन ओळींत कळवायचं, फसलं असेल तर फसलं असं लिहायचं. बक्षीस नको, नंबर नको. पहिल्या चौकटीसाठी लागली तर माझ्या बॅचमधल्या बुडबुडेवाल्यांकडून पत्रं मी मिळवून देतो.

आपला,
एक नियमित वाचक