मॅडम, तुमच्या स्टुलाबद्दल

नमस्कार मॅडम,

तुम्हाला आम्ही आठवणार नाही. मंगळवारच्या हाडाच्या ओपीडीत शंभर माणसं तुमच्यासमोर येऊन जातात, त्यातली एक टोंगळे (गुडघे) झिजलेली काटकुळी म्हातारी म्हणजे माझी माय, आणि थैलीत एमआरआय घेऊन मागे उभा होतो तो मी.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात जाऊन आलो होतो, नाव घेत नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहून मीच नेलं होतं. एसी, कॉफी, भिंतीवर टीव्ही. तिथं सांगितलं की पोटाची चरबी काढायची, धुऊन बारीक करायची आन् टोंगळ्यात सोडायची, त्यातले स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, सांध्यातली नवीन गादी तयार करतात, ऑपरेशनची गरजच नाही. माय तिथंच बोलली, "माह्या पोटावर चरबी कुठची रे बाप्पा, तीस वर्षं कापूस वेचला मी." तर म्हणे मांडीतून काढू! दोन्ही टोंगळ्यांचे दीड लाखाच्या वर, आठवडाभरात भरले तर सूट, जसा काही मी फ्रीज घ्यायला गेलो होतो. त्या माणसानं मायच्या टोंगळ्याला हातसुद्धा लावला नाही मॅडम, सगळं बोलणं माझ्याशी. आणि मी असा येडा की घरात भाव वाढायची वाट पाहत ठेवलेला कापूस खेडा खरेदीवाल्याला पडेल त्या भावात द्यायला निघालो होतो.

मग तुमच्याकडे आलो. मायला पाय लोंबकळता ठेवून बसणं होत नव्हतं, ती काही बोलली नाही पण तुम्ही पाहिलं. तुम्ही उठल्या, स्वतःचं स्टूल मायच्या पायाखाली सरकवलं आणि पुढं सगळं उभ्यानंच. बाहेर एवढी लाईन असून. मायनं पाय ओढून घेतला, "धूळ हाय वो पायाले", तुम्ही म्हणाल्या राहू द्या माय, आणि दोन्ही हातांनी टोंगळा दाबून पाहिला. एमआरआय नंतर. आणि मग तिलाच विचारलं, "कुठवर चालायचंय तुम्हाला?" दोन वर्षांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. ती म्हणाली, "वावरात. वेचणं नाही झालं तरी चालते, पण पाहाले त जाता आलं पाहिजे."

चरबीचं मी विचारलं तर तुम्ही हसल्या नाही की रागावल्या नाही. तुम्ही सांगितलं, चरबीत तशा पेशी असतात हे खरं, २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, काही जणांचं दुखणं कमीही होतं, पण झिजलेली गादी त्यानं परत उगवते असा भरवशाचा पुरावा नाही. २०२३ मध्ये तिकडंच ४७५ पेशंटचा अभ्यास छापून आला, चरबीतल्या, हाडाच्या मगजातल्या आणि नाळेतल्या पेशी विरुद्ध साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन, वर्षभरानं दुखण्यात म्हणावा तसा फरक नाही. आणि आयसीएमआर म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा उपचार फक्त ट्रायलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या चाचणीत करायचा, अन् ट्रायलच्या पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. हे ऐकून मला घाम फुटला मॅडम. आम्ही तर सूट मागत बसलो होतो!

बाकी तुम्ही दिलं ते फुकटातलंच. मांडीचा व्यायाम, आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. आम्ही वर्षभर उलटंच धरत होतो, त्या एसीवाल्यांनीही ती काठी पाहिली होती ना. दुखणं गेलं असं नाही, पुढंमागं सांधा बदलायची वेळ येऊ शकते हेही तुम्ही झाकून ठेवलं नाही, पण परवा माय पाणंदीनं वावराच्या धुऱ्यापर्यंत गेली, मधात दोनदा बसली, आणि गेल्याबरोबर पऱ्हाटी नीट उपटली नाही म्हणून मला शिव्या दिल्या. इतकं बरं वाटलं शिव्या खाऊन.

गोड बोलणारे लय भेटले आम्हाला, सरळ बोलणारं माणूस फार उशिरा भेटलं.

आणि एक. माय अजून अधूनमधून विचारते, "त्या मॅडमले बसाले दुसरं स्टूल भेटलं का रे?" मी काय सांगू. शेवटी गावच्या सुताराकडून सागाचं एक करून घेतलंय. दवाखान्यात ठेवू देतील का तेवढं सांगा, मंगळवारी घेऊन येतो.