गाडी नगरची, ऑर्डर मोरोक्कोची, आणि आपण अजून चर्चेतच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टाटांनी मोरोक्कोत बेरेशीदला चिलखती गाड्यांचा कारखाना काढला, सप्टेंबर २०२५ मध्ये राजनाथ सिंहांनी तिथे जाऊन फीत कापली, फोटो सगळ्यांनी छापले. पण तिथे बनणारी ती आठ चाकी चिलखती गाडी, म्हणजे व्हॅप, आमच्या नगरच्या व्हीआरडीईने (डीआरडीओची लष्करी गाड्यांची संशोधन संस्था) टाटांबरोबर मिळून डेव्हलप केलीये हे बऱ्याच बातम्यांत एका ओळीत उरकलं होतं. (अहिल्यानगर म्हणायला हवं, माहितीये, पण जीभ वळत नाही लवकर.) असो, मला श्रेयाबद्दल नाही लिहायचं, वेगळंच लिहायचंय.

ही गाडी २०१४ च्या दिल्लीतल्या डिफेक्स्पो या शस्त्रप्रदर्शनात केस्ट्रेल नावाने पहिल्यांदा लोकांसमोर आली. पाण्यात पोहते, रस्त्यावर सुसाट पळते, आत जवानांची अख्खी तुकडी बसते. मग वर्षानुवर्षं ट्रायल आणि नुसत्या ट्रायल. गलवान झालं तेव्हा कुठे हालचाल झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल नरवणेंच्या हस्ते तिच्यावरूनच बनवलेली जवान नेणारी गाडी आर्मीत आली, तीही मोजक्याच नगांत. मोरोक्कोची पहिली ऑर्डरच १५० ची. आणि इकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये मोदी-ट्रम्प भेटीनंतरच्या निवेदनात काय, तर अमेरिकेची स्ट्रायकर, म्हणजे त्यांची अशीच आठ चाकी चिलखती गाडी, घ्यायची आणि इथे मिळून बनवायची. जी मुळात पोहतच नाही! पंजाबात कालवे किती आहेत हे काय आर्मीला सांगायला पाहिजे का.

स्ट्रायकर वाईट आहे असं म्हणणं नाही माझं, उलट तिचाच इतिहास आपल्या लोकांनी नीट वाचावा. मूळ डिझाइन स्वित्झर्लंडचं, मोवाग कंपनीची पिरान्हा गाडी, ती कॅनडाने घेऊन आपली केली आणि तिथून अमेरिकेने उचलली. २००३ ला इराकमध्ये उतरवली तर आरपीजीचा (खांद्यावरून डागायच्या रॉकेटचा) धोका, म्हणून भोवती लोखंडी जाळीचा पिंजरा लावला, मग २००९ मध्ये अफगाणिस्तानात नेली तर खालून सुरुंग फुटले की सपाट तळ टिकेना, जवान गेले बिचारे, म्हणून तळच बदलला आणि डबल-व्ही आकाराचा तळ असलेल्या गाड्या २०११ पासून पाठवल्या. म्हणजे आज जी स्ट्रायकर चांगली म्हणून आपल्याला दाखवतायत ती शेकडोंनी वापरून, मार खाऊन चांगली झालीये. आपली व्हॅप वापरायलाच दिली नाही तर तिच्या चुका कळणार कशा? नवा ट्रॅक्टर ताडपत्री घालून अंगणात उभा ठेवायचा आणि शेजाऱ्याचा नांगरतो कसा छान म्हणायचं, असं चाललंय.

तो व्ही आकाराचा तळ काय असतो तेही सांगतो, कारण आपल्या गडचिरोलीशी त्याचा थेट संबंध आहे. तळ होडीसारखा निमुळता असला की खालून आलेला स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो. चाक, अ‍ॅक्सल उडून गेलं तरी चालतं, आतली पेटी शाबूत राहायला हवी, सीटही जमिनीला न टेकवता वरून नाहीतर बाजूने टांगतात, म्हणजे तळाला बसलेला दणका पाठीच्या कण्यात जात नाही. सत्तरच्या दशकात ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेत रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांवर हा इलाज निघाला, त्यातूनच कॅस्पिर ही सुरुंगरोधक गाडी आली, जी पुढे आपणही घेतली आणि मेडकला तशाच धर्तीची आदित्य बनवली. १ मे २०१९ ला गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांच्या सुरुंगात आपले पंधरा पोलीस मारले गेले तेव्हा ते साध्या खासगी गाडीत होते, हे विसरता येत नाही. अर्थात सुरुंग पुरेसा मोठा असेल तर अशी गाडीही उडते, छत्तीसगडमध्ये उडाल्यात, त्यामुळे गाडी दिली की काम झालं असं कोणी समजू नये.

आता लोक म्हणतील चाकं चिखलात रुततात, रणगाड्यासारखी पट्ट्यावरचीच बरी. खरंय. युक्रेनमध्ये २०२२ च्या वसंतात रशियाच्या चाकांच्या गाड्या डांबरी सोडून खाली उतरायला घाबरत होत्या, आणि फ्रान्सने युक्रेनला दिलेली एएमएक्स-१० ही चाकांवरची तोफगाडी समोरासमोरच्या हल्ल्यात चालेना कारण पत्रा पातळ. पण तीच गाडी २०१३ ला मालीत पाहा, शेकडो किलोमीटर वाळवंट, फ्रेंच सैन्य स्वतःच्या चाकांवर गेलं. पट्ट्याची गाडी एवढ्या लांब न्यायची तर ट्रेलर पाहिजे, नाहीतर पट्टे झिजून वाट लागते. मोरोक्कोला चाकंच का हवीत ते यावरून कळतं, त्यांचं दक्षिणेकडचं वाळवंट तसंच आहे. आपलं राजस्थान आणि लडाखचे नवे रस्ते पाहिले तर आपलीही गरज फार वेगळी नाही. रणगाडा काढून टाका असं कोणीच म्हणत नाहीये.

आणि आपल्या आर्मीला हे नवीन थोडंच आहे? नोव्हेंबर १९४७ मध्ये ७ लाइट कॅव्हलरीच्या डेमलर आर्मर्ड कार, म्हणजे चाकांवरच्या चिलखती गाड्या, अंबाल्याहून बनिहालमार्गे, डुगडुगत्या पुलांवरून श्रीनगरला पोचल्या आणि ७ तारखेला श्रीनगरजवळच्या शालटेंगला पाकिस्तानातून आलेल्या टोळीवाल्यांच्या पाठीमागून घुसल्या, श्रीनगर वाचलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता. ज्यांना जुनी आर्मर्ड कार बघायचीये त्यांनी नगरच्या रणगाडा म्युझियममध्ये यावं, रोल्स-रॉइसची आहे, पोरं त्या नावानेच खूश होतात.

तुमच्या पेपरला एवढीच विनंती की कारखान्याच्या फोटोवर थांबू नका. आपल्या खासदारांना विचारा, लोकसभेत प्रश्न टाकायला लावा, की व्हॅपच्या किती गाड्या आर्मीने आजवर घेतल्या, पुढच्या किती ठरल्यात, आणि स्ट्रायकर घ्यायचीच असेल तर नगरच्या गाडीत नक्की काय कमी पडलं. उत्तर आलं की मोरोक्कोच्या १५० च्या शेजारी छापा.

कळावे,
एक वाचक, भिंगार, अहिल्यानगर