बाबांच्या प्रश्नाला उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पर्यावरणासाठी झटणाऱ्या माणसाने निवडणुकीच्या फंदात पडू नये, सत्तेत गेल्यावर त्याला आपलाच शब्द गिळावा लागतो, असे बाबा परवा फोनवर म्हणाले. त्यावर तेव्हा नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. ऑकलंडमध्ये सामोअन लोकांची वस्ती मोठी असल्यामुळे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या त्यांच्या बेटराष्ट्राच्या राजकारणाची चर्चा सतत कानावर पडते, आणि बाबांच्या म्हणण्याचा विचार करताना मला तिथलेच माजी पर्यावरणमंत्री तोएओलेसुलुसुलु सेड्रिक शूस्टर आठवतात.

तोएओलेसुलुसुलु ही त्यांची मताई म्हणजे कुलप्रमुखाची पदवी आहे. सामोआत अशी पदवी असल्याखेरीज संसदेची निवडणूक लढवता येत नाही आणि देशातली बहुतेक जमीन घराण्यांच्या सामाईक मालकीची आहे, त्यामुळे जंगल किंवा प्रवाळ राखायचे तर गावच्या मताईंना विश्वासात घेण्यावाचून गत्यंतर नसते. शूस्टर यांनी आधी निसर्गसंवर्धनाच्या क्षेत्रात, डब्ल्यूडब्ल्यूएफसारख्या संस्थेसाठी आणि पर्यावरण सल्लागार म्हणूनही, काम केले. अशा कामात अहवाल लिहिता येतो, पण तो अमलात आणणे दुसऱ्याच्या हाती राहते.

ती संधी २०२१ मध्ये आली. चार दशकांपैकी बहुतेक काळ सत्तेवर असलेल्या पक्षाला फियामे नाओमी माताआफा यांच्या नव्या फास्ट पक्षाने हरवले, परंतु मे महिन्यात संसदेला कुलूप लावले गेले आणि निवडून आलेल्यांनी आवारातल्या तंबूत शपथ घेतली. जुलैमध्ये न्यायालयाने तो शपथविधी वैध ठरवल्यावर फियामे देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या आणि त्यांच्या मंत्रिमंडळात शूस्टर यांच्याकडे नैसर्गिक संसाधने व पर्यावरण खाते आले.

आता बाबांच्या मुद्द्याकडे येते. सामोआकडे छोट्या बेटराष्ट्रांच्या आघाडीचे अध्यक्षपद असताना दुबईच्या २०२३ च्या हवामान परिषदेत या देशांचे प्रतिनिधी सभागृहात पोहोचण्याआधीच ठराव संमत झाल्याचे जाहीर केले गेले. पुढच्या वर्षी अझरबैजानमधल्या बाकूच्या परिषदेत प्रश्न पैशाचा होता, म्हणजे हवामानबदलाला तोंड देण्यासाठी गरीब देशांना मिळायच्या मदतीचा. आपल्या वाट्याला वर्षाला किमान ३९ अब्ज डॉलर राखून ठेवावेत, अशी बेटराष्ट्रांची मागणी होती. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी ती मागणी मसुद्यात नाही हे पाहून शूस्टर, आघाडीचे अध्यक्ष या नात्याने, अतिगरीब देशांच्या प्रतिनिधींसह बैठकीतून उठून बाहेर पडले आणि आपले ऐकून घेतले गेले नाही, असे त्यांनी पत्रकारांना स्पष्ट सांगितले. त्यानंतर वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या आणि मध्यरात्रीनंतर २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचा करार झाला. तो तुटपुंजा असल्याचे भारताच्या प्रतिनिधीनेही त्याच सभागृहात परखडपणे बजावले, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल.

शब्द गिळणे ते हेच, असे बाबा म्हणतील. मला तसे वाटत नाही. सुमारे दोन लाख वस्तीच्या, चक्रीवादळांनी आणि २००९ च्या त्सुनामीने होरपळलेल्या देशाच्या मंत्र्याला केवळ बाहेर उभे राहून निषेध करणे परवडत नाही. त्याने उठून जाणे आवश्यक होते, आणि बोलणी सुटू न देणे त्याहूनही आवश्यक होते. संस्थेत असताना ते अधिक तिखट बोलू शकले असते, हे खरे. पण त्या बैठकीत बसण्याचा, आणि म्हणूनच तिथून उठण्याचा, अधिकार त्यांना निवडून आल्यामुळेच मिळाला.

सत्तेसाठी ते वाटेल ते करणारे असते, तर जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी पक्षातल्या बहुमताची बाजू घेतली असती. फास्ट पक्ष फुटला तेव्हा ते फियामे यांच्यासोबत राहिले आणि त्यांच्याबरोबरच पक्षातून काढले गेले. मे महिन्यात अर्थसंकल्प नामंजूर झाला आणि ऑगस्टच्या निवडणुकीत फियामे यांच्या नव्या पक्षाला अवघ्या तीन जागा मिळाल्या. इतक्या जाणत्या माणसांचे सरकार हवामानाच्या नव्हे, पक्षांतर्गत भांडणाच्या पायी गेले, याचे मला मनापासून दुःख झाले.

बाबा, याउपर तुमचे मत बदलले नाही, तर का, ते मला सविस्तर लिहा. आईचेही मत कळवा. ती या बाबतीत माझ्या बाजूची असावी, असा माझा कयास आहे.

तुमची लेक