दिवाणाच्या मिस्त्रींना पत्र

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

दिवाणाचे खण करायला तुम्ही तीन दिवस आमच्याकडे होता. त्याचा हिशोब मिटला. दुसऱ्या दिवशी दुपारी जे केलंत त्याचे पैसे मात्र तुम्ही लावलेच नाहीत. तोंडावर आभार मानले तर "चहा टाका वहिनी" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी पाचवीतली लेक ५/६ वजा ३/४ करत होती. पाचातून तीन गेले दोन, सहातून चार गेले दोन. २/२, म्हणजे १. मी ओरडले. तिरकस गुणाकार करून २/२४ काढून दाखवलं. ती म्हणाली, "पण माझं का चुकलं?" खरं सांगते, मला सांगता येईना. मीही तो गुणाकार न विचारताच शिकले होते.

तुम्ही भाकरी-शेंगाचटणीचं ताट बाजूला सारलंत. "काय करालीस गं? फळी फूटभर पण न्हाई, त्यातनं कापलीस, आणि उरली फूटभर? असलं लाकूड कुठं मिळतंय सांग की, सगळं मीच घेतो!"

ती खो खो हसली. मग टेप उघडलीत. फुटाचे सहा भाग करून पाच घेतले, १० इंच. पाऊण फूट, ९ इंच. उरला एक इंच, म्हणजे १/१२ फूट. "सहाव्या हिश्शातनं चौथा हिस्सा कसा काढणार? दोन्ही इंचात आण, मग काढ." पुस्तकातला लसावि १२ तो हाच, हे मलाही तेव्हाच उमगलं. माझे २/२४ सुद्धा तेवढेच, नुसते बारीक तुकडे.

पाऊण इंचातून ५/८ तिनं तोंडी काढलं: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सहा सुतातून पाच गेले, उरलं एक सूत.

४/५ वजा २/७ ला मात्र टेप हरली. तेव्हा प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं पस्तीस घरं आखून दिलीत. "ही तुझी टेप." अठ्ठावीस घरांतून दहा खोडली, १८/३५. तो तुकडा तिच्या दप्तरात असतो. बाईंनी विचारलं तर "माझी टेप" म्हणते.

खालचा खण पावसाळ्यापासून अडकतोय. लेक म्हणते एक सूत घासायला हवा, मी म्हणते अर्धं. येऊन सांगा.

तुमची,
वहिनी, सोलापूर