मेगर फिरवण्याआधी प्रश्न विचारणाऱ्या काकांना

नागपूर

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

इलेक्ट्रिशियन ट्रेडचं प्रॅक्टिकल पार पडलं. निकाल यायचा आहे, पण तुमचे आभार मानायला त्याची वाट कशाला बघू? तुम्ही शिकवलेलं किती कामाला आलं, ते मला परीक्षेच्या टेबलापाशीच कळलं.

घर तुमचं चार दारं सोडून आहे, तरी हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहिते. आयटीआयच्या कितीतरी मुलामुलींचं इन्स्टॉलेशन टेस्टिंग, म्हणजे केलेलं वायरिंग मोजून तपासणं, जर्नलमध्येच राहून जातं. वायरिंगचा जॉब सगळ्यांच्या हातून होतो, कारण बोर्ड, केसिंग-कॅपिंग, वायर प्रत्येकाच्या वाट्याला येते. वायरचं इन्सुलेशन मोजायचा मेगर आणि अर्थिंग मोजायचा अर्थ टेस्टर मात्र अख्ख्या बॅचमध्ये एखादाच, आपला नंबर येईस्तोवर तास संपतो. आपल्या गल्लीत कुणी लाइनमन, वायरमन, पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले काका असतील तर पोरांनी जाऊन त्यांचं दार वाजवावं, एवढ्यासाठी हे उघड लिहिणं.

तुमची नोकरी कोराडीच्या पॉवर हाऊसला, टेस्टिंगमध्ये गेली. घरगुती वायरिंग तुम्हाला किरकोळ वाटेल, असा माझा अंदाज होता. तुम्ही मात्र हाताने फिरवायचा 500 व्होल्टचा जुना मेगर फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवला. मी दांडा धरते तोच म्हणालात, "आत्ताच काऊन फिरवून राहिली? आधी सांग, किती यायला पाहिजे?"

त्या एका प्रश्नासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. तोवर रीडिंग घ्यायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही आकडा आधी बोलून दाखवायला लावलात, कारणासकट. जुन्या पद्धतीने 50 भागिले पॉइंटची (दिवे, पंखे, सॉकेट यांची) संख्या, म्हणजे दहा पॉइंटच्या सर्किटला इन्सुलेशनचा रोध किमान 5 मेगाओहम, पण पूर्ण इन्स्टॉलेशनला 1 पेक्षा जास्त मागायची गरज नाही. आता 500 व्होल्टवर किमान 1 मेगाओहम धरतात. वायर आणि अर्थमधलं इन्सुलेशन बघताना मेन बंद, एमसीबी चालू, सगळे स्विच चालू, बल्ब जागेवर, फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधलेले. दोन वायरींमधलं बघताना बल्ब काढायचे, पंखे-उपकरणं सोडवायची, स्विच मात्र चालूच ठेवायचे. हे मी परीक्षेसाठी पाठ केलंच असतं. पण बल्ब तसाच ठेवून, म्हणजे दोन्ही वायरी बल्बमधूनच जोडलेल्या असताना, तुम्ही सुई शून्याकडे पडताना दाखवलीत आणि विचारलंत, "आता वायर खराब म्हणशील का?" तेव्हा ते डोक्यात बसलं.

आणि टेस्ट लॅम्प, लाइन चालू आहे का बघायचा वायर जोडलेला साधा बल्ब! लाइन बंद आहे, हे कुणाच्या सांगण्यावर मानायचं नाही. लॅम्प आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग कामाच्या जागी, मग परत चालू पॉइंटवर, म्हणजे मधल्या वेळात लॅम्पच गेला नाही ना, तेही कळतं. यात तुम्ही एकदाही सूट दिली नाहीत. मी कंटाळले तरी नाही. त्या कडकपणाचे आभार वेगळे मानते.

सगळ्यात जास्त मी शिकले ते कूलरवर. आपल्याकडे मार्च लागला की माळ्यावरचे कूलर खाली येतात, नवी खस लागते, टाकीत पाणी पडतं आणि घरातली लहान मुलं ओल्या फरशीवर त्याच्या भोवती खेळतात. पत्र्याची बॉडी, पाणी, जुना पंप, आणि पुष्कळदा दोन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थिंगचा पत्ताच नाही. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात वाचावी लागते. तुम्ही गल्लीत सांगून ठेवलंत, की तपासल्याशिवाय कूलर लावायचा नाही, आणि तपासायला मला पाठवलंत. प्लगच्या अर्थ पिनेपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे तार मध्ये तुटलेली नाही ना ते, मग फेज-न्यूट्रल जोडून बॉडीशी मेगर.

एका घरचा पंप अजून डोळ्यांपुढे आहे. कोरडा असताना सुई अनंतावर गेली. मी ठीक म्हणणार, तर तुम्ही तो टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवायला सांगितलात आणि काकूंच्या हातचा चहा होईपर्यंत थांबवलंत. परत मेगर फिरवला तेव्हा सुई हळूहळू खाली येत शून्यापाशी टेकली. पंप ज्या अवस्थेत चालतो त्याच अवस्थेत तो तपासायचा, हे असं शिकवणारा माणूस मिळायला भाग्य लागतं. त्या घरच्या वहिनींनी त्याच दिवशी नवा पंप आणला. आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबलं की काम झालं, असं बहुतेक लोक मानतात. बटणाने 30 मिलिअँपिअरची यंत्रणा सुटते एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही, हेही तुम्ही त्याच कूलरपाशी समजावलंत.

मे महिन्यात, ऊन चढायच्या आत, तुम्ही मागच्या मोकळ्या प्लॉटवर अर्थ टेस्टर मांडलात. मेन बंद करूनच अर्थिंगची तार जमिनीत पुरलेल्या पाइपापासून सोडवली. करंटचा स्पाइक (जमिनीत ठोकायची सळई) पाइपापासून 30 मीटरवर, पोटेन्शियलचा साधारण साडेअठरावर, म्हणजे अंतराच्या 62 टक्क्यांवर. मग तो थोडा अलीकडे, थोडा पलीकडे सरकवून तिन्ही रीडिंग जुळतात का ते बघायचं. काळी माती उन्हाने भेगाळून पाइपापासून सुटलेली दिसत होती. नियमात अर्थिंग कोरड्या हंगामात, कोरड्या दिवशी तपासायला का सांगितलंय, ते त्या भेगेत बोट घालून तुम्ही दाखवलंत. पाऊस पडल्यावर त्याच पाइपचं रीडिंग निम्म्याच्याही खाली आलं.

परीक्षेत मला वायरिंग केलेला बोर्ड तपासायला मिळाला. सरांनी मेगर हातात दिला आणि मी सवयीने आधी सांगून टाकलं, किती यायला पाहिजे आणि का. सर थांबले. मग त्यांनी पोलॅरिटीचं, म्हणजे फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का त्याचं, आणि टेस्टनंतरचं विचारलं: स्विच फेजमध्येच का, तीन पिनांच्या सॉकेटला समोरून बघताना फेज उजवीकडेच का शोधायचा, टेस्ट झाल्यावर सर्किट डिस्चार्ज का करायचं. मला वाटतच नव्हतं की परीक्षा चालू आहे. तुमच्या ओसरीवर बसून बोलत असल्यासारखं बोलले.

काकूंनाही नमस्कार सांगा. दुपारी पुस्तक उघडून तुमच्या ओसरीवर बसायची परवानगी त्यांनी कधी मागायला लावली नाही, आणि "पोरगी आहे, कशाला पोलवर चढवता" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना उत्तर त्यांनीच दिलं.

मेगर उद्या संध्याकाळी आणून देते. त्याच्या लीड्सचं रबर कडक झालं होतं म्हणून नव्या लीड्स आणि क्लिपा लावल्या आहेत, एकदा तपासून घ्या. आणि ज्युनिअर बॅचच्या दोघी जणी शिकायला येऊ म्हणताहेत. तुमची हरकत नसेल तर रविवारी सकाळी नऊला त्यांना घेऊन येते. टेस्ट लॅम्पचं मी त्यांना आधीच सांगितलं आहे.

तुमची,
गल्लीतली इलेक्ट्रिशियन