मलेशियात कोटा भारूही आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत मलेशिया म्हटले की क्वालालंपूरचे जुळे मनोरे आणि गेंटिंगचा कॅसिनो, एवढ्यावरच भागते. केलांतान राज्याची राजधानी कोटा भारू कुणाला आठवत नाही. मी आणि सौ. तिथे गेलो ते मुख्यतः खाण्यासाठी.

सिती खदिजा बाजारात बहुतेक विक्रेत्या बायकाच. खाली भाजीच्या ढिगांमध्ये ठाण मांडून बसलेल्या, वरच्या मजल्यावर कापड. तिथेच नासी केराबू खाल्ला: गोकर्णीच्या फुलांनी निळा झालेला भात, बारीक चिरलेला कच्चा पाला, भाजलेले खोबरे, मासा आणि बुडू, म्हणजे मीठ घालून मुरवलेल्या बारीक मासळीचा रस. वास उग्र. सौ.ने नाक मुरडले, मी पुन्हा मागून घेतला. (गोकर्णी आपल्याही कुंपणावर असते, पण ताटात कधी आली नाही!)

बाटिकच्या कारखान्यात एक मुलगी छोट्या तोटीतून वितळलेले मेण कापडावर सोडत होती. हात जरा थबकला की डाग. हाती काम आणि छापील यांच्या भावात बराच फरक. कापड उलटून पाहावे, मागेही रंग तितकाच उतरलेला असेल तरच भाव करावा.

आणि हो, केलांतानात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच दुकाने बंद. पुरवणीत कधी लिहिलेत, तर एवढे जरूर छापा.

आपला,
एक निवृत्त वाचक, डोंबिवली